दोन भाषणांच्या मधल्या वेळात

जेवणं झाली, पितळ्या घासून झाल्या आणि घाटंजीच्या शाळेतल्या मोठ्या खोलीत बायका पुन्हा सतरंजीवर येऊन बसल्या, तेव्हाच लीलेनं ओळखलं की खरं काम आता आहे. सकाळी निदान नव्या जागेच्या धाकानं तरी सगळ्या जाग्या होत्या. आता पोटात भाकर आणि वांग्याची भाजी, बाहेर फाल्गुनाचं ऊन, आणि समोर डॉक्टरांचं भाषण, पाणी उकळून का प्यावं यावर. डॉक्टर बोलत होते चांगलं, पण भिंतीकडे बघून. मागच्या ओळीतली एक म्हातारी बसल्या बसल्या घोरायला लागली होती, आणि शेजारणीनं तिला हलवायचं सोडून आपला खांदा नीट पुढे करून दिला होता.

लीला ग्रामसेविका होती. बी. ए. झालेली, त्यामुळे ब्लॉकच्या कचेरीत तिला थोडा मान होता आणि कामं जास्त होती. महाराष्ट्र होऊन वर्ष भरत आलं होतं, तरी ब्लॉकच्या जीपवर अजून मुंबई राज्यच लिहिलेलं होतं. त्याच जीपनं दोन-तीन खेपा करून आजूबाजूच्या गावांतल्या कुणब्यांच्या बायका आणि तांड्यांवरच्या बंजारणी शिबिराला आणल्या होत्या. तीन दिवस राहायचं, ऐकायचं आणि गावात जाऊन महिला मंडळ काढायचं. भाषणं साहेब लोकांची. दोन भाषणांच्या मधला वेळ लीलेचा.

"बायका झोपल्या म्हणजे शिबिर झोपलं समजा," मुख्यसेविका बाई तिला म्हणाल्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. "तुम्ही तरुण आहात, कॉलेजात नाटकात कामं केलीत म्हणे. मधून मधून खेळ घ्या. जरा जान आणा."

लीला 'हो बाई' म्हणाली होती. आता ती दाराशी उभी राहून, डॉक्टर कधी संपवतात ते बघत होती, आणि एक डोळा व्हरांड्यात होता.

व्हरांड्यात दोन खांबांना बांधलेल्या झोळीत तिची रेणू होती. माहूरच्या रेणुकेचं नाव आजीनं ठेवलेलं. सात महिन्यांची. झोळीशेजारी आजी, म्हणजे लीलेच्या सासूबाई, तानाबाई, दोरी ओढत बसल्या होत्या. त्या सकाळच्या मोटरनं आर्णीहून आल्या होत्या आणि संध्याकाळच्या मोटरनं परत जाणार होत्या. रेणूला घेऊन. चार दिवसांसाठी नाही, आर्णीलाच वाढवायला. रेणूचे बाबा तिथंच शाळेवर मास्तर होते, घरी गाय होती, चुलत जावा होत्या. सगळं ठरल्यासारखं होतं. फक्त लीलेनं 'हो' म्हणायचं बाकी होतं, आणि तिनं गेल्या महिन्यापासून 'हो'ही म्हटलं नव्हतं आणि 'नाही'ही.

सकाळीच तानाबाईंनी विषय काढला होता.

"मी भांडाले नाही आली, लीला. तू पोरीचं करत नाही, असं मी म्हनतच नाही. येळेवर पाजतं, येळेवर धुतं, अंगाले तेल लावतं. पन कसं, त्या तुह्या सरकारी शिलाई मशिनीले जसं तेल देतं ना, तसं. झाकन घालून ठेवल्यासारखी ठेवतं पोरगी. तिच्याकडे पाहून एकदा तरी हासली का तू?"

लीलेनं आठवून पाहिलं होतं. आठवत नव्हतं.

बाळंत झाल्यापासून असंच होतं. पायावर पाय घालून फार वेळ बसलं की पाय मेल्यासारखा होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं सगळं झालं होतं. फरक एवढाच की पायाला नंतर मुंग्या येतात आणि तो परत आपला होतो. तिला मुंग्या आल्या नाहीत. पण नजर मात्र पहिल्यापेक्षा जास्त तिखट झाली होती. रेणूच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणं, झोळीची गाठ परत परत ओढून बघणं, दूध ओकलं तर त्याचा रंग बघणं, हे तिचं दिवसभर चाले. काळजी होती, भरपूर होती. त्या काळजीच्या खाली जे असायला हवं, ते कुठं गेलं होतं कोण जाणे.

टाळ्या झाल्या. डॉक्टर संपले होते. लीला पुढे गेली.

"चला, उठा सगळ्या. तळ्यात-मळ्यात खेळायचं."

"आता?" पुढे बसलेली पाटलीणबाई म्हणाली. बाई अंगानं भरलेली, आवाजानंही. "अवं बाई, मले नातू हाय. उड्या मारतानी कोनं पाह्यलं तं गावात तोंड दाखवाले जागा राह्यन का?"

"इथं कोण बघतंय? सगळ्या आपल्याच."

"सुना हायेत ना संग! त्याच तं पाह्यतेत."

हशा झाला. सुना पदराआड हसल्या. लीलेनं खडूनं लांब रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे मळा, पलीकडे तळं. ती 'तळ्यात' म्हणाली की पलीकडे उडी, 'मळ्यात' म्हणाली की अलीकडे. तरण्या बायका उभ्या राहिल्या, पण सासवा बसलेल्या असताना उडी कशी मारायची म्हणून नुसता पाय उचलून रेघ ओलांडत राहिल्या, वावरातला बांध ओलांडावा तशा. पाच-सात बंजारणी तर उठल्याच नाहीत. आपापल्या तांड्याप्रमाणे दोन टोकांना बसल्या होत्या, उकिडव्या, कवड्या-आरसे लावलेल्या ओढण्या पुढे ओढून, आणि एकमेकींकडे बघायचंही टाळत होत्या. त्यांचं काही भांडण असावं, अशी लीलेनं मनाशी नोंद केली. नोंदी करण्यात ती हुशार होती.

"मळ्यात! तळ्यात! तळ्यात!" तिचा आवाज खणखणीत होता, नाटकातला. तो आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा ती ऐकत होती. झोपलेली म्हातारी जागी झाली, "काय, पूर आला का?" म्हणाली आणि पुन्हा झोपली.

मोठ्या बाई दारातून हे सगळं बघून गेल्या.

मग शेतकी साहेब परसबागेवर बोलायला उभे राहिले आणि लीला व्हरांड्यात रेणूला पाजायला बसली. रेणू पिता पिता वर बघत होती. लीला तिच्या टाळूकडे बघत होती, टाळू खाली गेलेली नाही ना, एवढंच.

"मोटर सहाची हाय," तानाबाई म्हणाल्या. "तिचं लुगड्याचं धुडकं, टोपडी, सारं बांधून ठेवलं. वरचं दूध पेते ती आता. तुले काय वाट्टे ते सांग. मी जबरदस्तीनं नेनार नाही. पन तुह्या तोंडातून आईकू तं येऊ दे काही."

"सांगते."

"कवा? मोटर गेल्यावर?"

"सांगते, आत्याबाई. एवढा एक खेळ होऊ द्या."

तानाबाईंनी दोरी सोडून दिली आणि कपाळावर हात मारला. "खेळ!" त्या खांबाला म्हणाल्या.

दुसरा खेळ लीलेनं प्रशिक्षण केंद्रात शिकलेला होता. त्याचं नाव 'ओळख'. अनोळखी बाईशी जोडी लावायची, जवळ बसवायचं, दोघींनी एकमेकींना आपलं सुखदुःख सांगायचं आणि मग सगळ्यांसमोर आपण जोडीदारणीची ओळख करून द्यायची. याच्यात उड्या नव्हत्या, सासवांनाही चालण्यासारखं होतं. लीलेनं जोड्या स्वतः लावल्या. एका गावाच्या दोघी एका जागी येऊ दिल्या नाहीत. पाटलीणबाईला एक लाजरी पोरसवदा बाई दिली. बंजारणींचं भांडणही मिटून जाईल या हिशेबानं तिनं एका टोकाची रुपीबाई हाताला धरून उठवली आणि दुसऱ्या टोकाच्या मानीबाईसमोर आणून उभी केली. रुपीबाई पांढरकवड्याकडच्या तांड्यावरची, उंच, हाडापेरानं मोठी. मानीबाई आर्णीच्या बाजूची, चणीनं बारीक.

"ह्या मानीबाई. ह्या रुपीबाई. आता भेटा बरं एकमेकींना, चांगल्या मनमोकळ्या!"

रुपीबाईनं तिच्याकडे बघितलं. "इथंच भेटू?"

"इथंच. त्याच्यासाठीच तर खेळ आहे."

"आता?"

"आता, आता. लाजता काय?"

रुपीबाईनं मानीबाईकडे बघितलं. मानीबाईनं ओढणी तोंडावर ओढली. आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि रुपीबाईनं असा काही हंबरडा फोडला की शेतकी साहेबांच्या हातातली दुधी भोपळ्याच्या बियांची पुडी खाली पडली.

"याडीये...!" रुपीबाई रडत होती, लांब सुरात, एक ओळ झाली की श्वास घेऊन दुसरी. आईला मारलेली हाक होती, एवढं सगळ्यांना कळलं. पुढचं तांड्याच्या बोलीतलं, कुणालाच कळेना. तिची ओळ संपली की मानीबाई त्याच सुरात उत्तर देई. मग धुरपताबाई नावाची एक म्हातारी बंजारण उठली, दोघींच्या पाठीवर हात ठेवून तीही रडायला लागली. तिच्या मागून बाकीच्या. ओढण्यांवरच्या आरशांचे कवडसे छतावर हलत होते आणि खोली रडण्यानं भरून गेली होती.

"अवं माय, कोन गेलं वो?" पाटलीणबाईनं छातीवर हात ठेवला.

"मानूस आलता का कोनी सांगाले?"

"तिचा बाप गेला असन."

"बाप नाही वं. 'याडी याडी' करते, माय गेली असन."

कुणब्यांच्या बायकांनी डोक्यावरचे पदर पुढे ओढले. एकीनं तोंडातली सुपारी हळूच काढून मुठीत धरली. मोठ्या बाई कचेरीच्या खोलीतून धावत आल्या आणि लीलेकडे बघायला लागल्या.

लीलेला वाटलं, हे आपणच केलं. सुखदुःख सांगा म्हटलं आणि एकीनं दुसरीला मरणाची बातमी सांगितली. दूरच्या तांड्यावरची बातमी, अशीच तर पोचते. काय करायचं असतं अशा वेळी? केंद्रात हे शिकवलं नव्हतं. पण कॉलेजात शिकवलं होतं. तिनं हात वर केला.

"सगळ्यांनी उभं राहा," ती हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाली. "दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. कुणी बोलू नका."

बायका उठल्या. सासवा उठल्या. झोपलेल्या म्हातारीला दोघींनी बगलेत धरून उभं केलं. शेतकी साहेबांनी डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली. चहाची बादली घेऊन आलेला फुलचंद शिपाई दारातच थांबला आणि बादली खाली ठेवावी की नाही हे न कळून तशीच धरून उभा राहिला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मध्ये बंजारणी गळ्यात गळे घालून रडत होत्या, आणि भोवती सगळं शिबिर गप्प उभं होतं.

लीलेनंही मान खाली घातली. दिवसभरात पहिल्यांदा तिला कुठलं सोंग करावं लागत नव्हतं. अशी उभी राहायची तिला सात महिन्यांची सवय होती.

रडणं जसं सुरू झालं तसंच संपलं. रुपीबाईनं शेवटची ओळ लांबवली, सोडली, मानीबाईच्या ओढणीनं तिचंच तोंड पुसलं, मग आपलं पुसलं, आणि खाली बसत एकदम साध्या आवाजात विचारलं, "सुपारी हाय का कोनापाशी?"

कुणी बोललं नाही. तेव्हा तिनं वर बघितलं. सगळीकडे उभ्या बायका, खाली माना, छातीशी टोप धरलेला साहेब, बादली धरलेला शिपाई.

"अवं," ती घाबरून मानीबाईला म्हणाली, "ह्या साऱ्या काहून उभ्या हायेत? कोन मेलं?"

पाटलीणबाईचा भरला आवाज आला, "आमच्यातलं कोनी नाही वो! तुमच्यातलं कोन मेलं ते सांग!"

"आमचं? आमचं कायले मरन? आम्ही भेटून राह्यलो ना! बाईनंच तं सांगतलं, भेटा म्हनून! ही मानी माह्या काकाची पोरगी. लग्न झाल्यापासून भेटच नाही. सकाळपासून पाहून राह्यली मी तिच्याकडे. पन न रडता बोलाव कसं? अन् साहेबाचं भासन सुरू, तिथं रडाव कसं? म्हनून तोंड फिरवून बसलो."

"म्हणजे भांडण नव्हतं?" लीलेच्या तोंडून निघून गेलं.

"भांडन असतं तं बोललो नसतो का लगेच!" मानीबाई म्हणाली.

पाटलीणबाई आधी हसली. ती हसली म्हणजे तिच्या शेजारच्या तिघी हलल्या. मग सगळी खोली हसायला लागली. सुना सासवांच्या अंगावर पडून हसत होत्या, शेतकी साहेब हॅट तोंडावर धरून हसत होते. बगलेत धरलेली म्हातारी "आता बसू का?" म्हणाली तेव्हा तर मोठ्या बाईंनीही डोळे पुसले. फुलचंदनं बादली खाली ठेवली आणि चहा सांडला. मग धुरपताबाईनं, आमच्यात पाहुणी आली की असंच गळ्यात पडून रडतात, रडत रडतच कोण जन्मलं, कोण गेलं, पाऊसपाणी कसं, सगळं सांगून टाकतात, असं समजावून दिलं. कुणब्यांच्या बायकांनी एकेक प्रश्न विचारून तिला भंडावलं. एवढी जागी खोली सकाळपासून झाली नव्हती.

"वा, लीलाबाई!" मोठ्या बाई जाता जाता म्हणाल्या. "जान आणली खरी."

लीला हसली. तोंडानं हसली. सगळ्यांत हसणं सोपं असतं, चेहरा आपोआप तसा होतो. मनाच्या आत जाऊन बघितलं तर काही हललेलं नव्हतं.

चहाच्या वेळात ती व्हरांड्याच्या पायरीवर रेणूला मांडीवर घेऊन बसली. तानाबाई बोचकं घेऊन मोटरची चौकशी करायला फाटकापर्यंत गेल्या होत्या. रुपीबाई आणि मानीबाई कपबशी घेऊन तिच्याजवळच टेकल्या.

"पोरगी का? चांगली हाय," रुपीबाई म्हणाली. "मायवर नाही गेली."

"गप वं," मानीबाई म्हणाली.

"मले तं खोटं बोलता येत नाही."

लीलेनं विचारावं की नाही याचा थोडा विचार केला. मग विचारलंच. "मघाशी तुम्ही रडलात. ते खरं रडू होतं?"

"हिले खरं आलतं," रुपीबाईनं मानीबाईकडे बोट केलं. "हिचं पानी लवकर येते. मले नाही आलं."

"हिले कवाच येत नाही," मानीबाई म्हणाली. "लग्नात हिले सासरी धाडत होते, तवा साऱ्या तांड्यात हिचाच आवाज मोठा, अन् डोळे कोरडे. माही याडी म्हने, पोरगी हाय का ढोलकं!"

"मंग काय करू? येत नाही तं येत नाही," रुपीबाई बशीतला चहा फुंकत म्हणाली. "आज तं डोकंच दुखत होतं सकाळपासून. पन इतक्या सालानं भेटली, तिच्या गळ्यात नाही पडाव? ती काय म्हनन, वळख नाही ठेवली? बाई, चहात साखर कमी हाय तुमच्या सरकारच्या."

मग दोघी गुळाच्या चहावरून बोलायला लागल्या. लीला रेणूकडे बघत होती.

तानाबाई परत आल्या. बंजारणी उठून गेल्या. सूर्य शाळेच्या कौलांपर्यंत उतरला होता आणि आतून मोठ्या बाईंचा, पुढच्या भाषणाला बसा, असा आवाज येत होता.

"मोटर येऊन लागली," तानाबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केले. "दे."

लीलेनं रेणूला दिलं नाही.

"नेऊ नका, आत्याबाई."

तानाबाईंनी पुढे केलेले हात मागे घेतले. मग शेजारी बसल्या. "काहून? आता काहून? महिनाभर पुसून राह्यलो आम्ही. इचार तरी केला का तू?"

"नेऊ नका."

"मी काय दुस्मन हाय तुही? मी तं म्हनलं होतं, नेतो म्हनलं की ही रडन. धरून बसन पोरगी. तशी रडली असती तं म्या मोटरीचं नावच काढलं नसतं. कोनती माय रडत नाही? सांग. तुह्या डोळ्यात टिपूस नाही. सकाळपासून पाहून राह्यली मी."

लीलेनं प्रयत्न केला. खरोखरच केला, डोळे मिटले, रिकामी झोळी डोळ्यापुढे आणली, रेणू आर्णीच्या अंगणात दुसऱ्याच कुणाला आई म्हणते आहे असं बघितलं. चित्रं नीट दिसली. पाणी आलं नाही.

"रडू येत नाही मला," ती म्हणाली. "केव्हा येईल ते माहीत नाही. येईल की नाही तेही माहीत नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला तिच्याविषयी काय वाटतं, ते मला सापडत नाही. मी शोधते रोज." ती थांबली. आवाज अगदी सपाट होता, भाषणातल्यासारखा. "तरी नेऊ नका. ती माझी आहे."

फाटकाबाहेर मोटरनं भोंगा दिला. तानाबाईंनी तिकडे बघितलं, मग सुनेच्या तोंडाकडे. बराच वेळ बघत राहिल्या. बाजारात गाईचे दात बघावे तसं, काही लपवलंय का म्हणून.

"अन् मास्तरले काय सांगू?"

"मी नाही म्हणाले म्हणून सांगा."

"तो इचारन, रडली का."

"खरं ते सांगा."

तानाबाई उठल्या. बोचकं त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते सोडलं, त्यातून टोपडी, धुडकी, बाळुत्यांची घडी असं एकेक काढून पायरीवर ठेवलं आणि आपलं एक लुगडं तेवढं परत बांधलं. "पाडव्याले येईन मी," त्या म्हणाल्या. "तवाही अशीच राह्यली, तं मंग मी इथंच येऊन राह्यतो. मास्तर खाईन भावजयीच्या हातचं. पोरीच्या कानात तेल नोको घालत जाऊ, किती डाव सांगतलं." त्यांनी रेणूच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली, आणि मागं न बघता फाटकाकडे गेल्या.

मोटर गेली. धूळ बराच वेळ रस्त्यावर राहिली.

लीला वाट बघत बसली होती, आता काही वाटेल म्हणून. सुटल्यासारखं, जिंकल्यासारखं, निदान भीती. रेणूनं तिचं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि सगळं वजन टाकून ओढलं. पोत मानेत रुतली. दुखलं. लीलेनं मूठ सोडवली नाही.

"लीलाबाई!" आतून पाटलीणबाईचा आवाज आला. "या साहेबाचं झालं वो बोलून! पुढचा खेळ कोनता?"

ती उठली, टोपडी-बाळुती एका हातानं गोळा केली, रेणूला कडेवर घेतलं आणि आत गेली.